रिकामा डबा परत द्यायचा नसतो : डोंबिवलीतील एका आजारपणातील जेवणाच्या व्यवस्थेची नोंद

जून महिन्यातील पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी माझ्या मैत्रिणीच्या ओट्यावर अकरा डबे ओळीने मांडलेले होते. त्यांपैकी पाच डब्यांत मुगाची खिचडी होती, दोनांत शिरा, एकात छोले आणि उरलेल्या तिनांत पोळ्या. तिच्या कर्करोगावरच्या केमोथेरपीचा पहिला डोस होऊन चौथा दिवस चालला होता. घरात माणसे चार. त्यांतील एकीला फोडणीच्या नुसत्या वासाने मळमळत होते, दुसरीला मधुमेह असल्यामुळे शिरा चालत नव्हता, तिसरा रात्रपाळीला गेलेला होता, आणि दहावीतला मुलगा छोले-पोळी खाऊन अभ्यासाला बसला होता. त्या रात्री तिच्या सासूबाईंनी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकूंनी, काही अन्न वॉचमनकडे पाठवले, काही फ्रिजमध्ये कसेबसे बसवले आणि साडेदहाच्या पुढे उभे राहून अकराही डबे घासून पुसून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतले आणि एवढेच विचारले, “हे डबे परत कसे देऊ? रिकामे कसे देऊ गं?”

त्या चार दिवसांत चौऱ्याहत्तर वर्षांच्या काकूंनी परत जाणाऱ्या डब्यांत घालण्यासाठी दोनदा रव्याचे लाडू वळले होते. त्यांचे श्रम कमी व्हावेत म्हणून आम्ही भिशीतल्या जणींनी डबे पाठवण्याची जी मदत सुरू केली होती, तिनेच त्यांना ओट्यापाशी उभे केले होते. पुढे सव्वापाच महिने चाललेली आमची सगळी व्यवस्था या एका प्रश्नातून उभी राहिली. ही नोंद मैत्रिणीने आणि काकूंनी वाचली आहे आणि नावे त्यांच्याच इच्छेने वगळली आहेत.

कुटुंब आणि उपचार

मैत्रीण माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. आम्ही डोंबिवली पूर्वेला एकाच गृहनिर्माण संस्थेत समोरासमोरच्या इमारतींत वीसहून अधिक वर्षे राहत आहोत. तिचे यजमान अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतात. कुटुंब मूळचे सिंधुदुर्गातले, मासे खाणारे; सोमवार, गुरुवार आणि श्रावण मात्र काकू कटाक्षाने पाळतात. एप्रिलमध्ये मैत्रिणीला स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले, मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापासून परळच्या टाटा रुग्णालयात केमोथेरपी सुरू झाली. प्रथम एकवीस-एकवीस दिवसांच्या अंतराने चार डोस, ज्यांतील डॉक्सोरुबिसिन या औषधाच्या लाल रंगामुळे रुग्णांमध्ये त्याला सरसकट ‘लाल केमो’ म्हटले जाते, आणि त्यानंतर दर आठवड्याला एक असे पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या औषधाचे बारा डोस, असे उपचारांचे स्वरूप होते. शेवटचा डोस नोव्हेंबरच्या मध्यावर झाला.

तिच्याकडे राहायला घर होते, आणि उपचार घेऊन रात्री त्याच घरी परतणे शक्य होते, ही मोठीच गोष्ट होती. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात, आणि त्यांतील कित्येकांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा मिळाला तरच महिनोन्महिने मुंबईत राहून उपचार पुरे करता येतात. भुकेल्याला अन्न देण्याचा गाडगेबाबांचा उपदेश त्या वास्तूत आजही रोज अमलात येताना दिसतो. डोसच्या दिवशी यजमान तिथल्या रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलत बसत, आणि त्यांच्या हकिकती आम्हाला सांगत. “आपल्याकडे जेवण जास्त होतंय याची तक्रार करताना लाज वाटते,” असे मैत्रीण एकदा म्हणाली. तरीही तक्रार खरी होती, आणि ती तिने करायला हवी होती, असे माझे मत आहे.

काकूंची दुसरी अडचण

डबे परत करण्याच्या प्रश्नाइतकीच आणखी एक गोष्ट काकूंच्या मनात सलत होती, आणि ती त्या मला एकटीला, आवाज खाली आणून बोलल्या. “घरात धडधाकट चूल असताना शेजाऱ्यांकडून जेवण कधी येतं, ते तुला ठाऊक आहे. आमच्या घरी कुणी गेलेलं नाही.” सुतकाच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारी-नातलग पिठले-भात घेऊन येतात, कडू घास देतात, हे आम्ही सगळ्यांनीच पाहिलेले आहे. रोज संध्याकाळी दारात येणारे डबे पाहून काकूंना तेच आठवत होते. ज्या सुनेच्या जिवासाठी त्या देव पाण्यात घालून बसल्या होत्या, तिच्या घरात त्यांना ते चित्र नको होते.

खरे सांगायचे तर हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. आमच्या भिशीतल्या चौदाही जणींना डबा म्हणजे केवळ माया वाटत होती. म्हणून मी पहिला बदल अन्नात न करता चुलीत केला. ठरले असे की या घरातला भात या घरातच शिजेल. सकाळचा चहा, रात्रीचा कुकर आणि काकूंची देवापुढची निरांजने यांना कोणीही हात लावणार नाही. बाहेरून येईल ती एक भाजी किंवा उसळ, एक पातळ पदार्थ आणि पोळ्या किंवा भाकरी. कुकरची शिट्टी झाली की घर चालू आहे, हे काकूंना पुरेसे होते.

या निर्णयाचा एक फायदा नंतर लक्षात आला. शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. प्रतिकारशक्ती उतरलेल्या रुग्णाला भात ताजा आणि घरचाच मिळणे त्या दृष्टीनेही योग्य होते. काकूंनी मानापोटी जे मागितले, ते आरोग्याच्या बाजूनेही बरोबर निघाले.

परतीच्या डब्यांबाबत काकूंशी दोन दिवस बोलणी चालली. रिकामा डबा देणार नाही, यावर त्या ठाम होत्या, आणि मलाही त्यांना मोडता घालायचा नव्हता. शेवटी प्रत्येक डब्यात चिमूटभर साखर टाकून तो परत द्यायचा, असे ठरले. भिशीच्या गटातल्या सर्वांना मी तसे कळवले आणि बजावले की डब्यात साखर दिसली तर ती तोंडात टाका, डबा न्याहाळून काही बोलू नका.

दिनदर्शिकेवरचे तीन रंग

आता जेवणाकडे येते. पहिल्या डोसनंतरच्या गोंधळाचे मुख्य कारण असे की सगळ्याजणी ‘आजारी माणसाचे जेवण’ एवढीच एक कल्पना डोक्यात ठेवून स्वयंपाक करत होत्या. प्रत्यक्षात एकवीस दिवसांच्या एका आवर्तनात रुग्णाची स्थिती तीनदा बदलत होती. आहारतज्ज्ञांनी दिलेला कागद समोर ठेवून मैत्रीण आणि मी तिच्या फ्रिजवरच्या कालनिर्णयवर तीन रंगांनी खुणा केल्या आणि त्या पानाचा फोटो गटात टाकला.

पहिले चार-पाच दिवस निळे. या दिवसांत मळमळ, तोंडाला धातूसारखी चव आणि वासाचा तिटकारा असे. गरम पदार्थाची वाफ तिला सहन होत नसे, म्हणून तिचे जेवण कोमट होऊनच तिच्यापुढे जाई. उकड्या तांदळाची पेज, मऊ इडली, उकडलेला बटाटा, नाचणीची खीर अशा बिनफोडणीच्या गोष्टी ती दोन-दोन तासांनी चार घास खात असे. स्टीलच्या चमच्याने तोंडातली धातूची चव वाढते असे तिला जाणवले, तेव्हा तिने चिनी मातीची वाटी आणि लाकडी चमचा काढला. मळमळ थांबावी म्हणून दिलेल्या स्टेरॉइडमुळे तिला याच दिवसांत रात्री झोप येत नसे आणि दोनच्या सुमारास भूक लागे; त्यासाठी उशाशी राजगिऱ्याच्या लाडवांचा आणि भाजलेल्या मखाण्यांचा एक छोटा डबा ठेवलेला असे. या निळ्या दिवसांत बाहेरचा डबा प्रामुख्याने घरातल्या इतर तिघांसाठी असायचा, आणि तो झाकण घट्ट लावून, फोडणी जपून वापरून यायचा.

सातव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत लाल. या काळात रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. रुग्णांच्या भाषेत ‘काउंट पडतात’. ताप १००.४ अंश फॅरनहाइटला पोचला की घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठायचे, ही सूचना या काळासाठी असते. या दिवसांत कोशिंबीर, वाटलेली कच्ची चटणी, चिरून ठेवलेली फळे आणि अर्धवट शिजलेले अंडे आम्ही बंद ठेवले. कच्ची फळे-भाज्या पूर्णपणे वर्ज्य केल्याने संसर्ग कमी होतात, असे अलीकडच्या अभ्यासांत ठळकपणे दिसलेले नाही, आणि आता भर अधिक करून स्वच्छ हाताळणीवर दिला जातो. तरीही अनेक घरांतून अन्न येत असताना प्रत्येकीच्या पाण्याची आणि चिरण्याच्या फळीची खात्री देता येत नसल्यामुळे आम्ही कडक बाजू धरली.

पंधरा ते एकवीस हिरवे. या आठवड्यात तिला खरी भूक लागे, आणि पुढच्या डोसआधी अंगात ताकद भरायची ती याच दिवसांत. पूर्ण उकडलेली अंडी, ताजे सुरमईचे कालवण, मूग-मटकीच्या उसळी, पनीर. गटातल्या पाचजणी शाकाहारी होत्या. त्यांनी उसळी वाटून घेतल्या आणि माशांचे दिवस दोघींनी आपणहून घेतले, त्यामुळे कोणावर कसली सक्ती झाली नाही. श्रावण लागल्यावर प्रश्न आला. डॉक्टरांनी प्रथिने कमी करू नका असे सांगितले होते आणि काकूंच्या घरात श्रावणात अंडेही शिजत नसे. काकू स्वतःच म्हणाल्या, “तिच्यासाठी येऊ दे. माझं व्रत माझ्यापाशी.” तो महिना तिची अंडी माझ्या घरी उकडली गेली आणि झाकून तिच्या खोलीत पोचली.

काढ्यांविषयी एक परिच्छेद लिहिणे भाग आहे. दर आठवड्याला कोणी ना कोणी गुळवेलीचा काढा, गव्हांकुरांचा रस किंवा ‘कॅन्सरवर चालणारे’ चूर्ण घेऊन येई, आणि ते मनापासून आणलेले असे. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. वाद काहीही असो, केमोची औषधे यकृतातूनच जात असताना डॉक्टरांना न विचारता काहीही देऊ नये, एवढे स्पष्ट होते. नाही म्हणण्याचे काम रुग्णाने करू नये म्हणून ते मी अंगावर घेतले. दोघीजणी त्यावरून माझ्याशी काही काळ बोलत नव्हत्या.

सोलकढीचा दिवस

दुसऱ्या आवर्तनातील अकराव्या दिवशी, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, मैत्रिणीला १०१ ताप भरला आणि यजमानांनी रात्रीच टॅक्सी करून तिला परळला नेले. पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. शिरेतून प्रतिजैविके सुरू झाली आणि ती पाच दिवस दाखल राहिली.

आदल्या संध्याकाळी काय झाले होते, ते मी नंतर सर्वांशी बोलून नोंदवून ठेवले. तोंडाची चव गेलेली असल्यामुळे मैत्रीण आंबट काहीतरी मागत होती. गटातील एकीने मायेने सोलकढी केली. नारळाचे दूध वाटून गाळून काढलेले, न उकळलेले. त्यात कोकमाचे आगळ आणि ठेचलेली लसूण. डबा सहा वाजता पिशवीत घालून दाराच्या कडीला अडकवला गेला. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ कमी व्हावी म्हणून कडीला पिशवी लावण्याची पद्धत मीच सुरू केली होती. त्या दिवशी काकू देवळात गेल्या होत्या, मुलगा क्लासला, आणि मैत्रीण झोपलेली होती. पिशवी साडेनऊला आत आली आणि तिने वाटीभर सोलकढी प्यायली. पावसाळी, कोंदट हवेत ती साडेतीन तास बाहेर होती. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त काळ बाहेर ठेवू नये, आणि ठेवायचेच तर पाच अंशांखाली किंवा साठ अंशांवर ठेवावे, हा नियम आम्हाला माहीत होता. सोलकढी तर शिजवलेलीही नव्हती.

ताप त्यामुळेच आला, असे म्हणता येत नाही. रक्ताच्या तपासणीत कोणताही जंतू सापडला नाही, आणि काउंट पडलेले असताना येणाऱ्या तापाचे मूळ पुष्कळदा सापडतच नाही. कित्येकदा ते रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातले किंवा तोंडातले जंतू असतात. डॉक्टरांनी हे समजावून सांगितले. पण जिने सोलकढी केली होती ती माझ्या घरी येऊन दोन तास रडली, आणि माझी स्वतःचीही झोप उडाली होती, कारण कडीची कल्पना माझी होती. मैत्रिणीने रुग्णालयातून तिला फोन केला आणि सांगितले, “अगं, महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी चवीचं लागलं होतं.” त्या फोनने जे झाले, ते माझ्या कोणत्याही समजावण्याने झाले नसते.

त्यानंतर नियम बदलले. कडीला पिशवी लावणे बंद झाले. डबा रोज बरोबर साडेसातला इमारतीच्या फाटकाशी येईल आणि मुलगा खाली उतरून हातात घेईल, असे ठरले. डबा देणारीने अन्न किती वाजता उतरवले ते झाकणावर चिकटपट्टी लावून त्यावर लिहायचे, आणि वर गेल्यावर ते वाफ येईपर्यंत पुन्हा गरम व्हायचे. न शिजवलेले ओले खोबरे पूर्णपणे बंद. घरात कोणाला सर्दी-खोकला किंवा जुलाब असतील तर त्या दिवशीचा डबा न लाजता सोडायचा, आणि बदली म्हणून कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणायच्या. त्याचे पैसे भिशीच्या वर्गणीतून काढून ठेवलेले होते.

मुलाचे म्हणणे

फाटकाशी येण्याच्या कामामुळे मुलगा रोज मला भेटू लागला. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी डबा घेताना तो म्हणाला, “मावशी, सगळे छान करतात, पण रोज वेगळ्या घरचं जेवतो असं वाटतं.” त्याला आईच्या हातचे काळ्या वाटाण्याचे सांबारे हवे होते. तोवर आमच्यापैकी एकीनेही, घरातली माणसे कशाला मुकली आहेत हे विचारलेले नव्हते.

पुढच्या हिरव्या आठवड्यात मैत्रीण बाहेरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून बसली आणि मुलगा ओट्यापाशी उभा राहिला. वाटाणे आदल्या रात्री भिजत घातलेले होते. तिने तिथूनच सांगायचे आणि त्याने करायचे. खोबरे-कांदा किती तांबूस भाजायचा हे तिला दिसत नव्हते, म्हणून तो कढई उचलून दारापर्यंत आणून दाखवत होता आणि ती “अजून, अजून थोडा” म्हणत होती. मालवणी मसाला त्याने अंदाजाने जास्त घातला. तिला ते तिखट सोसवले नाही; तिने फक्त पेजेबरोबर दोन चमचे रस्सा घेतला. त्या दिवसापासून आठवड्यातला रविवार डब्यांशिवाय ठेवला गेला. रविवारी मुलगा करेल ते घरात खाल्ले जाईल, मग ते पिठले का असेना.

पॅक्लिटॅक्सेल आणि झाकणे

सप्टेंबरपासून मळमळ बरीच ओसरली आणि जेवणाचा ताण उतरला. गणपतीत आरतीनंतर मोदक तिने आवडीने खाल्ला. मात्र पॅक्लिटॅक्सेलने तिच्या बोटांची टोके बधिर होऊ लागली आणि तिला शर्टाचे बटण लावता येईना. दुपारी घरी एकटी असताना डब्याचे घट्ट झाकण निघत नाही म्हणून ती दोनदा जेवायची राहिली, आणि हे तिने आठवडाभर कोणाला सांगितले नव्हते. दुपारसाठी मग नुसते ताट झाकून ठेवता येईल अशी भांडी आली. या टप्प्यावर चौदाजणींपैकी पाचजणी थकल्या होत्या, हेही नमूद करायला हवे. एकीच्या घरी बाळंतपण होते, एकीची बदली झाली. मी कोणालाही कारण विचारले नाही. डब्यांऐवजी दोघीजणी मुलाचे गणित घेऊ लागल्या आणि एकजण दर आठवड्याला रक्ततपासणीचे अहवाल आणून देऊ लागली; तेही या व्यवस्थेत तितकेच मोजले गेले.

शेवटचा डबा नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेला. वर्गणीतील शिल्लक रक्कम मैत्रिणीच्या सांगण्यावरून धर्मशाळेतील जेवणासाठी दिली गेली. त्यानंतरच्या रविवारी काकूंनी त्यांच्याकडे राहिलेले डबे माझ्या टेबलावर मांडले आणि तळावर कोरलेली नावे चष्मा लावून वाचत एकेक ओळखून दिले. कोणाच्या लग्नातला, कोणाच्या बारशाचा, कोणाच्या सासूचे नाव घातलेला. दोन डब्यांवर नाव नव्हते. त्यांत त्यांनी साखरेऐवजी मूठ-मूठ उकडे तांदूळ भरले होते. ते दोन डबे अजून माझ्याकडेच आहेत, आणि गटात तीनदा विचारूनही ते आपले आहेत असे कोणी सांगितलेले नाही.